वार खाली आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होते. बाळाचं हृदय, किडन्या, मणका, सगळं व्यवस्थित असतं. आणि शेवटच्या ओळीत 'प्लॅसेंटा लो लाईंग' नाहीतर 'प्लॅसेंटा प्रीव्हिया' असं लिहिलेलं असतं. घरी पोचेपर्यंत सगळ्यांची झोप उडालेली असते. मी बरीच वर्षं प्रसूती विभागात परिचारिका आहे आणि हे प्रश्न मला रोज ऐकायला मिळतात. कधी ती स्वतः विचारते, कधी नवरा, बऱ्याचदा सोबत आलेल्या सासूबाई. वॉर्डात जशी देते तशीच उत्तरं इथे लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी काही वेगळं लिहिलं असेल तर फाइलचं ऐका.

वार खाली आहे म्हणजे नक्की काय?

आधी एक घोळ मिटवू. वार आणि नाळ वेगळ्या. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी. ती दोरी दुसऱ्या टोकाला ज्याला जोडलेली असते ती वार, म्हणजे प्लॅसेंटा. पूर्ण दिवसांची वार लहान भाकरीसारखी गोल, मऊ आणि रक्ताने भरलेली असते, वजन साधारण अर्धा किलो. ती गर्भपिशवीच्या भिंतीला चिकटते आणि आईकडचा प्राणवायू आणि अन्न बाळाला पोचवते.

बहुतेक वेळा ती पिशवीच्या वरच्या भागात चिकटते. काहींची खाली, पिशवीच्या तोंडाजवळ चिकटते. वारेची कड तोंडापासून दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर 'लो लाईंग' लिहितात. वारेने तोंडच झाकलं असेल तर तो 'प्रीव्हिया'. बाळाच्या बाहेर यायच्या वाटेवर वार येऊन बसली आहे, असं समजा. जुन्या पद्धतीच्या रिपोर्टमध्ये अजूनही टाइप १ ते ४ लिहिलेलं दिसतं. तसं असेल तर 'कड तोंडापासून किती मिलिमीटर आहे' एवढा एकच आकडा डॉक्टरांना विचारा. पुढचे बरेचसे निर्णय त्या आकड्यावर होतात.

ती वर सरकते का?

बहुतेकींची सरकते. विसाव्या आठवड्याच्या आसपास ज्यांची वार खाली दिसते, त्यांतल्या दहापैकी नऊ जणींची दिवस भरेपर्यंत वाटेतून बाजूला झालेली असते. शेवटपर्यंत खरा प्रीव्हिया राहतो तो दोनशे बाळंतपणांत साधारण एकीला.

खरं तर वार चालत कुठेही जात नाही. फुग्याच्या तोंडाजवळ टिकली चिकटवा आणि फुगा फुगवा. टिकली जागेवरच असते, पण तोंडापासून लांब गेलेली दिसते. शेवटच्या तीन महिन्यांत पिशवीचा खालचा भाग ताणला जातो, तेव्हा असंच होतं. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा सोनोग्राफी करतात, आणि तेव्हाही खाली असेल तर छत्तिसाव्याच्या आसपास आणखी एकदा.

तीन प्रकारांत आशा थोडी कमी ठेवावी: वारेने तोंड पूर्ण झाकलं असेल, वार पाठीमागच्या भिंतीला असेल, किंवा आधीचं सिझर झालेलं असेल. आणि हे मात्र ठासून सांगते: वार वर चढवणारं औषध नाही, आसन नाही, काढा नाही. पाय भिंतीला लावून तासभर पडून राहिलं तर पायाला मुंग्या येतात, बाकी काही होत नाही. कुणी 'पोट चोळून वर घेते' म्हणाली तर तिला चहा पाजा आणि घरी पाठवा. खाली असलेल्या वारेवर पोट चोळणं धोक्याचं आहे.

डॉक्टर आतून सोनोग्राफी करायला सांगतात. त्याने रक्तस्राव होणार नाही का?

नाही होणार. पोटावरून बघताना लघवीची पिशवी भरलेली असली तर वार आहे त्यापेक्षा खाली भासते, आणि पाठीमागची वार बाळाच्या डोक्याआड दडते. आतून बघितलं की कड आणि तोंड यांतलं अंतर नेमकं मोजता येतं. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी, पिशवीच्या तोंडात जात नाही, अलीकडेच थांबतो.

टाळायची ती बोटांनी केलेली आतली तपासणी. म्हणून अनोळखी दवाखान्यात, रात्रीच्या ड्युटीवर कुणीही असो, पहिलं वाक्य हे: "माझी वार खाली आहे, आतून हात घालून तपासू नका." लाजू नका. माझ्यासारखीला उलट बरं वाटतं.

माझ्या हातून काय चुकलं? स्कूटर चालवली म्हणून झालं का?

नाही. जिने चढल्याने नाही, पपई खाल्ल्याने नाही, ग्रहणात भाजी चिरल्याने तर नाहीच. गर्भ पिशवीत कुठे रुजायचा ते दिवस गेल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत ठरून गेलेलं असतं. तेव्हा बहुतेकींना आपण गरोदर आहोत हेही माहीत नसतं.

काही गोष्टींनी शक्यता वाढते: आधीचं सिझर, आधी झालेलं क्युरेटिंग, बरीच बाळंतपणं, जुळं, पस्तिशीपुढचं वय, आयव्हीएफ, धूम्रपान. पण यांतलं काहीच नसलेल्या पहिलटकरणीही माझ्या वॉर्डात असतात. मिश्री लावत असाल तर ती बंदच करा. ती तंबाखूच आहे आणि बाळाचं वजन घटवते.

रिपोर्टमध्ये वार पुढे लिहिली आहे. म्हणजे मुलगी का?

वार पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे असण्याचा मुलगा-मुलगीशी काही संबंध नाही. आणि लिंग विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पुढचा प्रश्न.

रक्त जायला लागलं तर काय करायचं?

हे उत्तर घरातल्या सगळ्यांनी वाचावं, कारण त्या वेळी ती एकटीच जागी असेल असं नाही.

प्रीव्हियाचा रक्तस्राव बहुतेकदा न दुखता होतो. कळ नाही, धक्का नाही, काही कारण नाही. एक बाई पहाटे दोनला उठली ती अंग ओलं लागलं म्हणून. तिला वाटलं पाणी गेलं. दिवा लावला तर परकर लालभडक. नवऱ्याने गाडी बोलावली. तोवर सासूबाईंनी, आपल्या परीने मदत म्हणून, परकर आणि चादर धुऊन टाकली. आमच्याकडे आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, किती गेलं? तिघांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला वाटीभर, दुसरी म्हणाली बादलीभर. तेव्हा लक्षात ठेवा, कपडे धुऊ नका. लागलेले पॅड आणि कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणा. आम्ही त्यावरून अंदाज बांधतो.

बाकी क्रम असा. १०८ ला फोन करा आणि 'गरोदर बाई, वार खाली, रक्तस्राव' हे शब्द वापरा. स्वच्छ पॅड लावा, आत कापूस किंवा कापड कोंबू नका. डाव्या कुशीवर झोपवा. खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. फाइल, रक्तगटाचा कागद आणि रक्त देऊ शकणारी दोन माणसं सोबत घ्या. आधी फॅमिली डॉक्टर, मग तालुक्याचं ठिकाण, मग जिल्हा, असा प्रवास करू नका. जिथे ऑपरेशन होतं आणि रक्त मिळतं, थेट तिथे. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं. गाडीतला वेळ कमी ठेवायचा तो यासाठी.

चमचाभरच गेलं आणि थांबलं. तरी यायचं?

हो. पहिला रक्तस्राव बऱ्याचदा थोडा असतो आणि आपोआप थांबतो. दुसरा केव्हा आणि किती होईल हे कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे तपासणी आणि निदान एखाद-दोन दिवस भरती. रक्तासोबत पोट दगडासारखं कडक झालं, सलग दुखायला लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर वार सुटायला लागली असण्याची शंका घेतात. तेव्हा तर कुणाला विचारत बसायचं नाही.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तस्राव झाल्यापासून ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं. आम्ही विसरणार नाही, पण तुम्ही आठवण केलीत तर राग येणार नाही.

पूर्ण झोपून राहायचं का?

घराघरांत हाच उपचार चालतो: खाटेवर झोपवा, ताट हातात द्या, उठू देऊ नका. पण नुसतं पडून राहिल्याने वार वर सरकते किंवा रक्तस्राव टळतो, असं दिसून आलेलं नाही. उलट आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, भूक मरते, बद्धकोष्ठता होते आणि डोकं भणभणतं.

रक्तस्राव झालेला नसेल तर घरात फिरा, स्वयंपाक करा, बसून करायची नोकरी डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. पाण्याच्या कळशा, गॅस सिलिंडर, शेतातली ओझी, जिम, गरब्याच्या फेऱ्या बंद. गर्भसंस्काराच्या वर्गात श्वसनाचे प्रकार चालतील, पोटावर ताण येणारी आसनं नकोत, आणि शिकवणाऱ्या ताईंना आधी सांगायचं. शौचाला जोर लागू देऊ नका: भरपूर पाणी, ताक, पालेभाज्या, गरज पडली तर इसबगोल. उपासाचा साबुदाणा या दिवसांत पोट बांधून ठेवतो, एकादशी सोडून दिली तरी विठोबा समजून घेईल.

नवरा-बायकोचे संबंध?

तोंडावर वार असेल किंवा एकदाही रक्त गेलं असेल तर बंद. हा प्रश्न बायका विचारत नाहीत, नवरे तर नाहीच. मग मीच दोघांना समोर बसवून सांगते, म्हणजे घरी जाऊन तिला एकटीला समजावत बसावं लागत नाही.

सातव्या महिन्यात माहेरी जायचं ठरलंय. जाऊ का?

सगळ्यात जास्त रडारड या प्रश्नावर होते, म्हणून जरा थांबून लिहिते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. आईने डिंकाचे लाडू करायला घेतलेले असतात, ओटीभरणाचा दिवस धरलेला असतो. आणि मध्येच मी 'नको' म्हणते.

मी सरसकट नको म्हणत नाही. मी विचारते, रात्री दोन वाजता रक्त जायला लागलं तर माहेरच्या दारापासून ऑपरेशन टेबलापर्यंत किती वेळ? गुगल मॅपवरचा नव्हे, पावसाळ्यातला. मध्ये घाट आहे का, ओढ्याला पाणी येतं का, गावात रात्री गाडी कुणाकडे असते? आणि तिथल्या दवाखान्यात चोवीस तास भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि लहान बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का? पेटी लावलेली चार बाळं दिसली म्हणजे अतिदक्षता विभाग झाला असं नाही, मुलांचे डॉक्टर रात्री येतात का ते विचारा.

माहेर जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर खुशाल जा. फाइलची झेरॉक्स घेऊन गेल्या गेल्या तिथल्या डॉक्टरांकडे नाव घाला. माहेर आडगावात असेल तर आईलाच इकडे बोलवा. लाडू एसटीने येतात, बाई आणायला उशीर होतो. अर्ध्या तासात दवाखाना गाठता येत नसेल, एकटी राहत असेल, किंवा रक्तस्राव पुन्हापुन्हा होत असेल तर शेवटचे आठवडे वॉर्डातच ठेवतात. डोहाळजेवण घरच्या घरी करा, झोपाळ्यावर नको, खुर्चीवर बसवून. आमच्या वॉर्डात एकदा खाटेवर बसवून केलं होतं. हिरव्या बांगड्या, सलाइनची सुई लावलेला हात, आणि शेजारच्या खाटेवरचीने म्हटलेलं गाणं.

रक्त वाढवण्यासाठी काय करू?

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका त्यात निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींची सुरुवातच कमी शिलकीवर होते. जिची वार खाली आहे तिला हे परवडत नाही. अर्धा लिटर रक्त गेलं तर ११.५ वाली बहुतेकदा सावरते, ७ वालीचे हातपाय गार पडतात.

लोहाची गोळी रोज. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही. निदान दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळा खाऊन घेतली तर चांगली लागू पडते. शौचाला काळं होणार, घाबरू नका. गोळ्या सोसत नसतील तर उशाखाली लपवू नका, सांगा. शिरेतून देण्याचं लोहाचं इंजेक्शन असतं. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे जरूर खा, पण बीट गोळीची जागा घेत नाही.

रक्तदाते आधीच शोधून ठेवायचे का?

हो, चार नावं आणि नंबर फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. तुमचाच गट लागतो असं नाही, रक्तपेढी बदल्यात दुसऱ्या गटाचं रक्तही घेते. पण तुमचा गट निगेटिव्ह किंवा दुर्मीळ असेल तर आठव्या महिन्यातच रक्तपेढीशी बोला. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो 'बॉम्बे' रक्तगट शोधला, तो साध्या चाचणीत 'ओ' असल्यासारखा दिसतो, पण त्याला 'ओ' रक्त चालत नाही. फारच थोड्या जणींचा तो असतो, तरी क्रॉसमॅचिंग, म्हणजे दात्याचं रक्त तुमच्या रक्ताशी जुळतं का ते तपासणं, ऐन वेळेवर टाकू नये त्याचं हेही एक कारण.

सिझरच होणार का? आणि केव्हा?

वारेने तोंड झाकलं असेल तर सिझर, यात वाद नाही. कळा येऊन तोंड उघडायला लागलं की वार फाटते आणि आई-बाळ दोघं संकटात येतात. रक्तस्राव होत नसेल तर साधारण छत्तिसाव्या ते सदतिसाव्या आठवड्यात तारीख देतात, मध्ये त्रास झाला तर त्याआधी. त्यामुळे 'दिवस भरू द्या, मुहूर्त बघून करू' हे इथे चालत नाही. कळा सुरू होण्याच्या आत बाळ बाहेर काढायचं असतं.

कड तोंडापासून दोन सेंटीमीटरच्या पलीकडे गेली असेल तर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं. एक ते दोन सेंटीमीटरच्या मधल्या पट्ट्यात डॉक्टर बाईगणिक ठरवतात.

चौतिसाव्या आठवड्याच्या आत बाळ काढावं लागेल असं वाटलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा डेक्सामेथासोन, बारा बारा तासांनी चार डोस. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. 'स्टेरॉइड' ऐकून नाही म्हणू नका.

आधीचं सिझर आहे आणि वारही खाली आहे. डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलला पाठवतायत. घाबरवतायत का?

नाही, बरोबर करतायत. आधीच्या टाक्यांच्या व्रणावर वार चिकटली तर ती भिंतीत खोल रुतू शकते. याला अ‍ॅक्रीटा म्हणतात. बाळ निघाल्यावर अशी वार सुटत नाही, आणि ओढायला गेलं की रक्त थांबत नाही. प्रीव्हिया असताना आधी सिझर नसेल तर ही शक्यता सुमारे ३ टक्के, एक झालेलं असेल तर ११, दोन झालेली असतील तर ४० टक्के. म्हणून अशा बाईची कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी करतात, कधी एमआरआयही, आणि ऑपरेशन जिथे अनुभवी सर्जन आणि भरपूर रक्त आहे तिथेच. अ‍ॅक्रीटा असेल तर ते बहुधा चौतीस ते छत्तीस आठवड्यांतच करतात. 'एवढ्या लांब कशाला, इथेच करा ना' असं आमच्या डॉक्टरांना गळ घालून म्हणू नका. पाठवणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या मर्यादा कळतात, हे त्याचं मोठेपण समजा.

ऑपरेशनच्या कागदावर 'गर्भपिशवी काढावी लागू शकते' असं लिहिलंय. सही करू का?

सही करताना नवऱ्याचा हात थरथरतो, हे मी कित्येकदा बघितलंय. बहुतेक जणींची पिशवी काढावी लागत नाही. वार सुटल्यावर पिशवीचा खालचा भाग वरच्यासारखा घट्ट आवळत नाही, म्हणून रक्त जास्त जातं. आधी औषधं देतात, मग आतून फुग्याचा दाब, दाबाचे टाके. कशानेच थांबलं नाही तर जीव वाचवायला पिशवी काढतात. ते वाक्य त्या शेवटच्या वेळेसाठी असतं. त्या क्षणी बाहेर येऊन विचारायला वेळ नसतो, म्हणून आधी विचारतात. शांत असताना, आदल्या दिवशी, दोघांनी मिळून वाचा आणि हवं ते विचारा.

बाळाला काही व्यंग येतं का?

खाली असलेल्या वारेमुळे व्यंग येत नाही. काळजी असते ती वेळेआधी जन्मण्याची, म्हणून काही बाळं थोडे दिवस पेटीत राहतात. खालची जागा वारेने अडवल्यामुळे बाळ बऱ्याचदा आडवं किंवा पायाळू असतं. सिझर होणारच असेल तर त्याचा वेगळा ताण घेऊ नका.

खर्चाचं काय?

सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते, त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर भेटतात. आशाताईंना 'वार खाली आहे' हे सांगून ठेवा, त्या तुमची नोंद जोखमीच्या यादीत करतात.

रक्त गेलेलं नाही, तरी सारखी भीती वाटते. बाथरूमला गेले की आधी कपडाच बघते.

सगळ्याच बघतात. ज्या सांगतात 'मी नाही घाबरत', त्याही बघतात. एकीने मला सांगितलं की तिने लाल गाऊन घालायचं सोडलं, आणि नंतर काळाही सोडला, कारण त्यावर डाग दिसला नसता. मला ते शहाणपणाचं वाटलं. फिक्या रंगाचे कपडे घाला, म्हणजे एका नजरेत कळतं आणि पुन्हापुन्हा बघायला लागत नाही.

दाराजवळ पिशवी भरून ठेवा: फाइल, पॅडचं पाकीट, चार्जर, दोन गाऊन, बाळाची दुपटी. ज्या दिवशी पिशवी भरते त्या रात्री बऱ्याच जणींना झोप लागते, असं मी बघितलंय. घरात पहिलं मूल असेल तर आई अचानक रात्री दवाखान्यात जाऊ शकते हे त्याला आधी सांगा. आणि शेजारणींचे किस्से ऐकायचे नाहीत. किस्सा सांगणारीला कड किती मिलिमीटरवर होती ते माहीत नसतं. झोपच येत नसेल, सारखं रडू येत असेल तर आम्हाला सांगा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत नंबरवर बोला. मराठीत बोलता येतं.

पुढच्या वेळीही असंच होईल का?

शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेकींना पुन्हा होत नाही. सिझर झालेलं असेल तर दोन मुलांत पुरेसं अंतर ठेवा, आणि पुढच्या वेळी दिवस गेल्याचं कळताच लवकर सोनोग्राफी करून गर्भ जुन्या टाक्यांवर तर रुजला नाही ना हे बघून घ्या. या वेळची फाइल जपून ठेवा. कपाटात साड्यांच्या खाली, बाळाच्या जन्मदाखल्यासोबत.